घोटी बाजारातले काळे-तांबडे खेकडे: जात एक की दोन?

प्रश्न शेतातून आला. इगतपुरी तालुक्यात भाताची खाचरं, बहुतेक ठिकाणी इंद्रायणी, आणि पाऊस लागला की बांधाला खेकड्यांची बिळं पडायला लागतात, एका रात्रीत वरचं खाचर रिकामं आणि खालचं भरलेलं, मग खालचा खूश आणि वरचा शिव्या घालत फावडं घेऊन बांधावर. आमच्या एमएस्सीच्या एका मुलीचे मामा तिथलेच. त्यांचं ठाम मत असं की बांध फोडतो तो काळा खेकडा, तांबडा बिचारा ओढ्यात दगडाखाली असतो, त्याचा काही त्रास नाही, तर कॉलेजवाल्यांनी एवढंच सांगावं की फक्त काळ्याचा बंदोबस्त कसा करायचा.

आता बंदोबस्त म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहितीय, बिळात दाणेदार औषध टाकायचं. त्यातल्या फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या शेवटापासून देशभर बंदी आहे, पण जुना डबा कुणाकडे ना कुणाकडे निघतोच, आणि ते पाणी ओढ्यातनं दारणेला आणि दारणेतनं गोदावरीला जातं. खेकड्यांच्या नावावर आपल्याकडे काहीही खपतं म्हणा, २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवरच फुटलं होतं. ते जाऊदे. मुलीला प्रोजेक्टला विषय हवाच होता, म्हटलं हाच घे, काळा आणि तांबडा या दोन जाती आहेत का, एवढंच शोध, बांधाचं नंतर बघू.

तिने पहिल्याच आठवड्यात फोनवर ढीगभर फोटो आणले आणि ग्रुपवर टाकले, आणि तिथे नेहमीचेच लोक नेहमीसारखे बोलले, एक म्हणाला नवीन जात आहे लगेच पेपर लिही, दुसऱ्याने गूगलवरचं नाव चिकटवलं. वरून काढलेल्या फोटोवरून गोड्या पाण्यातल्या खेकड्याची जात सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळेल कधी कधी. जात कळायला खेकडा उलटा करावा लागतो, तो नर असावा लागतो, तो वयात आलेला असावा लागतो आणि त्याच्या पोटाखालचे दोन जोड पाय शाबूत असावे लागतात. या चारही गोष्टी एकदम जमणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, या प्रकरणात तर सगळा घोळ तिथेच झाला.

आधी ही रचना सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेकड्याचं पोट म्हणजे ती मागून पुढे दुमडलेली पट्टी, छातीखाली चिकटून बसलेली. मादीची पट्टी रुंद असते, खाली पिसांसारख्या दुभंगलेल्या पायांचे चार जोड असतात, अंडी त्यांना चिकटलेली असतात. नराची पट्टी अरुंद, आणि तिच्याखाली चार नाही दोनच जोड, आणि त्यांचा पायाशी काही संबंध असेल असं बघून वाटत नाही. पुढचा जोड म्हणजे पहिला गोनोपॉड, सगळे जी१ म्हणतात, पान गुंडाळून केलेली टणक नळी असते ती. त्याच्या मागचा जी२, बारीक, तो जी१ च्या बुडात घुसलेला असतो. प्रॅक्टिकलला पोरं जी१ ला लिंग म्हणतात आणि खीखी करतात, करू द्या, पण ते लिंग नव्हे. खरं लिंग म्हणजे पाचव्या पायाच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून येणारं मऊसर बोंडूक, ते जी१ च्या बुडातून नळीत शिरतं, शुक्राणूंच्या पुड्या नळीत सोडतं, आणि मग जी२ पिस्टनसारखा पुढेमागे होऊन तो माल टोकाकडे ढकलतो. जी१ चं टोक मादीच्या छातीवरच्या छिद्रात गेलेलं असतं. म्हणजे पोटाखालचे, मुळात पोहायचे, दोन जोड पाय बदलत बदलत या कामाला लागले.

ती छिद्रं कुठे आहेत यावरूनच मोठी विभागणी झालीय. डॅनिएल गिनो या फ्रेंच बाईंनी १९७७ च्या सुमारास ती मांडली. नराचं नि मादीचं दोघांचंही छिद्र पायाच्या मुळाशी असेल तर पोडोट्रेमाटा, नराचं पायाशी पण मादीचं छातीवर असेल तर हेटेरोट्रेमाटा, दोघांचं छातीवर असेल तर थोराकोट्रेमाटा. आपले नदी-ओढ्यातले खेकडे हेटेरोट्रेमाटा. पुढे या मांडणीवर बरंच भांडण झालं, विशेषतः पोडोट्रेमाटा हा एकच गट धरायचा का यावर, पण मुलांना शिकवायला मला अजून हेच सोपं वाटतं.

आणि जातीपर्यंत यायचं तर जी१. त्याचं टोक वळलंय का, कुठल्या बाजूला, शेवटचा तुकडा त्याच्या आधीच्या तुकड्याच्या मानाने किती लांब, कडेला केस कुठून कुठपर्यंत, जी२ चा टोकाचा धागा लांब की आखूड. हे का बदलतं यावर दीडशेहून जास्त वर्षं वाद चालू आहे. १८४४ मध्ये लेऑन द्यूफूर यांनी किड्यांबद्दल म्हटलं की कुलुपाला किल्ली बसावी तसं हे आहे, चुकीच्या जातीशी जमूच नये म्हणून. १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी बरोबर उलट्या बाजूने धरलं की मादीच आतल्या आत निवड करते, ज्याचं तिला पटतं त्याचा शुक्राणू वापरते, त्यामुळे हे अवयव भराभर बदलत जातात. मला दुसरं जास्त पटतं, कारण खेकड्याची मादी शुक्राणू आत साठवून ठेवते, म्हणजे जोडी जमली तिथे गोष्ट संपत नाही. असो, कारण काही का असेना, बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन खेकडे जी१ वरून वेगळे निघतात हे अनेकदा झालंय. पैसा किड्यात, म्हणजे आपल्या वाणीत, हाच प्रकार आहे, तिथेही नराचे गोनोपॉड बघितल्याशिवाय नाव मिळत नाही.

आता आमचे खेकडे. काही मामांच्या बांधावरचे, रात्री बॅटरी घेऊन धरलेले, काही त्यांच्याच खालच्या ओढ्यातले, आणि एक बादलीभर घोटीच्या बाजारातून विकत घेतलेले, कारण आकडा कमी पडत होता. बाजारातले घ्यायला मी आधी नको म्हणत होते, खेकडा कुठल्या ओढ्यातला ते कळत नाही. मुलगी म्हणाली, "मॅडम, मावशी ओळखीच्या आहेत, त्या सांगतील." बरं म्हटलं, पण बाजारातल्यांची बरणी वेगळी आणि चिठ्ठी वेगळी. जंगलखात्याच्या हद्दीत हात घातला नाही. अंजनेरी तर संवर्धन राखीव आहे, तिथनं परवानगीशिवाय दगडही हलवायचा नाही हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी डबी घेऊन निघालेलं असतं.

खेकडा जिवंत अल्कोहोलमध्ये टाकला की तो पाय टाकून देतो, स्वतःच तोडतो, मग बरणीत धड एकीकडे आणि पाय एकीकडे. म्हणून आधी बर्फात, गार होऊन निपचित पडला की मग अल्कोहोल. फॉर्मलिन नाही, फॉर्मलिनने डीएनएची वाट लागते आणि पुढेमागे कुणी विचारलं तर हातात काही राहत नाही. रंगाचं मात्र आधी लिहून फोटो काढून ठेवलं होतं ते बरं झालं, कारण अल्कोहोलमध्ये काही दिवस गेल्यावर काळा कुठला नि तांबडा कुठला ते चिठ्ठीशिवाय सांगता येईना, सगळेच फिकट नारिंगी झाले. रस्सा उकळला की खेकडा लाल होतो त्यातलंच हे, कवचातलं अॅस्टॅझँथिन हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, प्रथिन बिघडलं की खरा रंग वर येतो. खरं तर हीच पहिली सूचना होती की या रंगावर फार भिस्त ठेवू नये. दुसरी सूचना टूथब्रशने मिळाली. बांधावरचे "काळे" ब्रशने घासले तर त्यातले कितीतरी तपकिरी निघाले, वर खाचरातल्या चिखलाचा थर होता नुसता.

मुलीने नर-मादी वेगळे केले आणि नरांचा ढीग बघून खूश झाली. मी ढीग उलटवला तर त्यात लहान माद्या घुसलेल्या. हे सगळ्यांचं होतं. वयात यायच्या आधी मादीचं पोटही अरुंदच असतं, ती कात टाकते तेव्हा हळूहळू रुंद होत जातं, त्यामुळे लहान खेकड्यात नुसती पोटाची रुंदी बघून नर म्हणून चालत नाही, पट्टी उचलून खाली दोन जोड आहेत का चार ते बघावं लागतं. पट्टी उचलणं पण जमायला लागतं, कारण ती नुसती टेकलेली नसते, छातीवर दोन बारीक उंचवटे असतात आणि पोटाच्या सहाव्या खंडाखाली दोन खळगे, ते एकमेकांत बसलेले असतात, ब्लाउजच्या टिचबटणासारखे. जोर लावला तर पट्टी मोडते आणि पट्टीबरोबर गोनोपॉडही येतात हातात. बोथट सुई कडेने घालून आधी एका बाजूचं बटण सोडवायचं, टिक असा बारीक आवाज येतो अल्कोहोलमधल्या खेकड्यालाही, मग दुसऱ्या बाजूचं.

लहान माद्या बाजूला काढल्यावर नर निम्म्याहूनही कमी राहिले. बाजारातल्या बादलीत तर मोठ्या माद्याच जास्त.

आता डावा जी१ काढायचा, उजवा तसाच ठेवायचा. डावाच का तर सगळे डावा काढतात म्हणून, चित्रं जुळवायला सोपं जातं, आणि उजवा जागेवर राहिला की तो मुळात कसा बसतो, छातीवर कुठपर्यंत पोचतो, टोक आत बघतंय की बाहेर, हे परत बघता येतं. बुडाशी बारीक कात्रीने कापायचं, पेट्री डिशमध्ये अल्कोहोलमध्ये ठेवायचं, आणि एक नंबरच्या ब्रशने केस साफ करायचे कारण केसांत चिखल अडकलेला असतो आणि कडेचा आकार झाकला जातो. आमच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा ल्युसिडा आहे, म्हणजे आतलं दिसणारं कागदावर गिरवता येतं असा जोड, जुना, पण चालतो, त्यावर चित्रं काढायची.

इथे मुलीच्या चित्रांवर माझं आणि तिचं चांगलंच वाजलं. तिने पहिली काही चित्रं काढली त्यात काळ्यांचं टोक बाहेर वळलेलं आणि तांबड्यांचं जवळपास सरळ. ती एवढी आनंदात होती की मला बोलायलाच जड गेलं. मी डिशमधला काळ्याचा जी१ सुईने जरासा फिरवला, पाव वळसासुद्धा नाही, आणि तिला परत बघायला सांगितलं. तो सरळ झाला होता. जी१ गोल नळी आहे, ती डिशमध्ये कशीही लवंडते, आणि प्रत्येक वेळी टोकाचं वळण वेगळं दिसतं. मग तिने सगळी चित्रं फाडली (मी फाडायला सांगितलं नव्हतं) आणि नियम ठरवला की डिशच्या तळाला ग्लिसरीन जेलीचा ठिपका, त्यावर जी१ टेकवायचा, छातीकडची बाजू खाली, मग प्रत्येकाची दोन चित्रं, एक छातीकडून आणि एक पोटाकडून. छापील वर्णनांतल्या चित्रांतही हा घोळ कधी कधी असतो, दोन लेखकांनी एकच जात वेगवेगळ्या बाजूने काढलेली असते आणि तिसरा येऊन दोन जाती आहेत म्हणतो.

परत काढलेल्या चित्रांत काळा-तांबडा फरक गेला, पण एक नवाच फरक आला. काही नरांचा जी१ नाजूक, पारदर्शकसा, शेवटचा तुकडा कुठे सुरू होतो तेच कळत नाही, केस जवळपास नाहीत, टोक बोथट. काहींचा जाड, पिवळट, तुकड्यांमधली खाच स्पष्ट, केस भरपूर. आणि नाजूकवाले जवळपास सगळे तांबड्या ढिगातले. मुलगी म्हणाली, "मॅडम, आता तरी दोन आहेत ना?"

मी म्हटलं, व्हर्नियर कुठाय. प्रत्येक नराची कवचाची रुंदी मोजायची आणि जी१ ची चित्रं रंगाप्रमाणे न लावता रुंदीप्रमाणे लावायची, सगळ्यात लहान डावीकडे, सगळ्यात मोठा उजवीकडे, प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर एका ओळीत. लावून झाल्यावर दोन ढीग उरलेच नाहीत. डावीकडचे नाजूक, मग हळूहळू खाच दिसायला लागते, मग केस, मग टोक धार धरतं, उजवीकडे पूर्ण टणक. कुठेही तुटलेली जागा नाही. आणि रंगाच्या चिठ्ठ्या बघितल्या तर मोठ्या टोकाला काळेही होते आणि तांबडेही, शेवटच्या तुकड्याचं आधीच्या तुकड्याशी प्रमाण दोघांत सारखंच. तांबड्या ढिगात कोवळे नर जास्त होते एवढंच, कारण ओढ्यात उथळ पाण्यात दगड उचलून जे सापडले ते लहानच होते, आणि बांधावर रात्री बॅटरीने धरताना मोठेच डोळ्यांत भरतात. म्हणजे मामा जे बघत होते ते खोटं नव्हतं, ओढ्यातले लहान आणि तांबूस, बांधावरचे मोठे आणि काळे, फक्त ती एकाच खेकड्याची दोन वयं होती, वर चिखल आणि कात टाकून किती दिवस झाले याचा हिशोब.

म्हणून म्हणते की कोवळ्या नराच्या जी१ वरून काहीही ठरवू नये. माझा मुलांना आग्रह असतो की एका ठिकाणचे निदान लहान, मधले आणि मोठे नर असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकच नमुना घेऊन त्यावर नवीन जात उभी करणारे पेपर आहेत, मला ते वाचताना पोटात गोळा येतो.

या ओळीतल्या मोठ्या नरांना आम्ही बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस म्हटलं. दख्खनच्या पठारावरचा हा अगदी ओळखीचा खेकडा, मुंबई इलाख्यात आकडेवारी गोळा करत फिरणाऱ्या कर्नल साइक्स यांनी तो नेला आणि १८३६ मध्ये वेस्टवूड यांनी नाव दिलं. त्याचा भाऊबंद बॅरिटेलफुसा गेरिनी, मिल्न एडवर्ड्स यांनी १८५३ मध्ये वर्णन केलेला, तोही महाराष्ट्रात आहेच, म्हणून नुसत्या छापील चित्रांवर न थांबता पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम केंद्र आहे तिथल्या नावं पक्की असलेल्या नमुन्यांशी आमचे जी१ ताडून घेतले. गेरिनी आमच्यात नव्हता.

पण ओळीत न बसणारे दोन नर होते. दोन्ही मोठे, टणक, वयात आलेले, म्हणजे कोवळेपणाची सबब नाही. कवच वरून बघितलं तर बाकीच्यांसारखंच, जरा जास्त फुगीर म्हणाल तर म्हणा, मी पैज लावली नसती. जी१ मात्र सरळ सरळ वेगळा. शेवटचा तुकडा आखूड आणि बाहेरच्या बाजूला ठामपणे वळलेला, कसाही फिरवा, छातीकडून बघा पोटाकडून बघा, वळण जातच नाही, उजवा जागेवरचा बघितला तरी तेच. जी२ चा टोकाचा धागाही बाकीच्यांपेक्षा आखूड. एकात असतं तर विकृती म्हटलं असतं, कात टाकताना अवयव वेडावाकडा होतो कधी कधी, पण दोघांत, दोन्ही बाजूंना, तंतोतंत तसंच.

आणि हे दोघे कुठल्या बरणीतले, तर बाजारातल्या.

एवढं महत्त्वाचं का ते सांगते. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं आधी अळी होतात आणि पाण्याबरोबर लांब वाहत जातात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत अळी नाहीच, मादी पोटाखाली अंडी धरून बसते आणि अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो, तोही काही दिवस आईच्या पोटाखालीच. म्हणजे एका ओढ्यातला खेकडा दुसऱ्या खोऱ्यात जाणं फार अवघड, आणि त्यामुळे डोंगराडोंगरावर वेगळ्या जाती तयार होतात. जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या तेराशेच्या वर जाती आहेत, भारतात शंभराच्या वर, आणि सह्याद्रीत अजून निघतायत, घातियाना हा अख्खा वंश २०१४ मध्ये आला, सह्याद्रियाना २०१८ मध्ये. इगतपुरी तर बरोबर पाणलोटाच्या धारेवर बसलेलं गाव, दारणा पूर्वेला गोदावरीत जाते आणि वैतरणा त्र्यंबकजवळ उगवून पश्चिमेला समुद्राकडे. खेकडा धारेच्या अलीकडचा की पलीकडचा हे कळलं नाही तर त्या जी१ चा अर्थच लागत नाही.

मुलगी मावशींकडे गेली, दोघांचे फोटो दाखवले. मावशींनी फोटोकडे फारसं बघितलंही नाही, म्हणाल्या, "अगं त्या दिवशी आपल्याकडचा माल कमी होता, घाटाखालून मागवला होता थोडा, कसाऱ्याकडून. त्यातले असतील नाहीतर आपले असतील, बादली एकच होती." झालं. रेल्वेने खेकडा घाट चढतो, ही गोष्ट कुठल्या नकाशावर नसते. एखाद्या जुन्या संग्रहालयातल्या बरणीवर "नाशिक" लिहिलेलं असेल तर तो खेकडा नाशिकचाच आहे की बाजारात आलेला, हे मी आता आधी विचारते.

मुलीचा मोह मला दिसत होता, दोन नर, वेगळा जी१, कुठल्याच चित्राशी जुळत नाही. पण नुसत्या गोनोपॉडवर फार मोठा मनोरा चढवला की काय होतं याचं उदाहरण याच गटात आहे. अल्कॉक यांनी १९१० मध्ये भारतातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची विभागणी केली ती जबड्याच्या पाल्पवरून, म्हणजे जबड्याला असलेल्या सांधेदार बारीक अवयवावरून, त्याचा शेवटचा सांधा दुभंगलेला आहे की साधा. मग फ्रँकफुर्टचे रिचर्ड बॉट यांनी १९७० च्या सुमारास गोनोपॉडवर भर देऊन कुळांची कुळं उभी केली. पुढे डीएनए आला आणि त्यातली बरीच कुळं कोसळली, पॅराथेलफुसिडी हे भलंमोठं कुळ आता जेकार्सिनुसिडीतच धरतात, आपला बॅरिटेलफुसाही तिथलाच. म्हणजे जात ओळखायला जी१ उत्तम, वंशाला बऱ्यापैकी, पण कुळ आणि त्याच्या वरचं नातं सांगायला एकट्याने पुरत नाही, कारण जो अवयव भराभर बदलतो तो दोन वेगळ्या घराण्यांत सारख्याच आकाराला येऊन पोचू शकतो. बॉट यांना लोक आता नावं ठेवतात ते मला आवडत नाही, त्यांच्यामुळेच प्रत्येकजण जी१ चं चित्र काढायला लागला.

म्हणून त्या दोघांना नाव दिलं नाही. एकेका पायातलं थोडं मांस १६एस आणि सीओआय या दोन जनुकांच्या डीएनए तपासणीसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळं ठेवलं, आणि दोन्ही नमुने चित्रांसकट आकुर्डीला दिले. नवीन जात निघालीच तर नमुना जैवविविधता कायद्याप्रमाणे अधिकृत संग्रहातच जमा करावा लागतो, कॉलेजच्या कपाटात ठेवून चालत नाही. चिठ्ठीवर "घोटी बाजार, मूळ ठिकाण माहीत नाही, कदाचित कसारा बाजू" असं लिहिलं. मुलीला "कदाचित" नको होतं, तिला वाटत होतं त्याने नमुन्याची किंमत कमी होते. होतेच. पण खोटं ठिकाण लिहिलं तर पुढचा माणूस त्या ओढ्यात पावसाळे घालवेल.

मामांना उत्तर दिलं की काळा-तांबडा एकच आहे, आज ओढ्यात दगडाखाली बसलेला तांबडा उद्या मोठा होऊन तुमच्याच बांधावर बीळ करणार, तेव्हा काळ्याला वेगळं औषध वगैरे काही नाही. औषध टाकूच नका, बांध पायाने आणि धुमसाने नीट चोपा, बिळं दगड आणि चिकण मातीने ठासा, आणि पहिल्या पावसाच्या रात्रीच खेकडी धरा, ती बाहेर पडलेली असतात. मामा म्हणाले, "मग एवढं पोट फाडून काय मिळालं? धरून खायची हे तर आम्ही करतोच." वर असंही म्हणाले की तांबडा चवीला गोड लागतो, तो वेगळाच आहे, कॉलेजचं काहीतरी चुकतंय. चवीचं मला नाकारता येत नाही, कोवळा खेकडा गोड लागणारच.

प्रोजेक्टच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ओळीतली चित्रं बराच वेळ बघितली, मग एकच विचारलं, त्या दोन नरांच्या माद्या कुठायत? माद्या असतीलही, त्याच बाजारच्या बरणीत, बाकीच्या माद्यांत मिसळलेल्या, आणि मादीच्या छिद्राचा आकार बघून त्या वेगळ्या काढता येतील का हे आम्ही तपासलंच नव्हतं. नराच्या मागे लागलं की हे राहतंच. बरणी अजून आमच्याकडेच आहे. ती उघडून माद्यांची छाती एकेक करून बघायचं काम आता खालच्या वर्गातल्या दोन मुलांना दिलंय, आणि जून लागला की कसाऱ्याच्या बाजूने ओढे चालत वर यायचं, रीतसर परवानगी काढून, हे मुलीने स्वतःहून ठरवलंय. यावेळी प्रत्येक खेकड्याची वेगळी पिशवी, आणि पिशवीवर ओढ्याचं नाव पेन्सिलीने, पेनने नाही, शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.